हजार चोवीस आठवडे

आमच्या घरमालकांना ‘किती वाजले?’ असं विचारण्याची चूक मी पहिल्याच दिवशी केली. सामानाचा टेम्पो दारात उभा होता, ड्रायव्हर घाई करत होता आणि काका पायरीवर निवांत बसले होते. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, ‘‘थांबा,’’ म्हणाले आणि जिना चढून वर गेले. दोन-तीन मिनिटांनी खाली येऊन त्यांनी मला तास, मिनिटं आणि सेकंद सांगितले.

‘‘उतरायला चौदा सेकंद लागले, ते धरलेत त्यात,’’ असंही म्हणाले.

त्यांच्या मनगटावर कधीच घड्याळ नसायचं. ‘‘हातातलं घड्याळ म्हंजे अंदाज. अंदाज बांधून कामून फिरायचं खामखा?’’ असा त्यांचा सवाल. पोशाख पांढरा पायजमा आणि खिशात टेस्टर अडकवलेला सदरा. हा टेस्टर लग्नाकार्यालाही सोबत असे.

परभणीत मी एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवायची. काकांच्या खालच्या दोन खोल्यांत मी पाच वर्षं राहिले. वरच्या मजल्यावर ते एकटेच. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन नांदेडला. नोकरी सगळी विजेचे मीटर दुरुस्त करण्यात गेलेली. बाहेरच्या माणसाला हा निवृत्त मेकॅनिक दिवसभर वर काय करतो ते कळत नसे, आणि कुणी विचारलंच तर काका इतकं सविस्तर सांगायचे की तो पुन्हा विचारत नसे.

वरच्या खोलीत एक पेटी होती. करडी, लोखंडी, साधारण शिवणयंत्राच्या खोक्याएवढी. एका सरकारी कचेरीतल्या जुन्या सामानाच्या लिलावात ती काकांनी उचललेली. उपग्रहांकडून वेळ घ्यायची आणि सेकंदाच्या बारीकशा तुकड्याइतकी अचूक सांगायची, एवढंच तिचं काम. तोंडावर हिरव्या आकड्यांत तारीख, साल, वेळ, आणि बाजूला दर सेकंदाला लुकलुकणारा दिवा. गच्चीवर तिचा उलट्या वाटीएवढा अँटेना होता आणि त्याच्यापासून आठ फुटांच्या आत कपडे वाळत घालायला भाडेकरूंना सक्त मनाई होती.

‘‘ओली चादर म्हंजे पाण्याचा पडदा,’’ काका सांगत. ‘‘उपग्रहाला दिसंना झाल्यावर त्यानं काय करावं?’’

करारपत्रात हे कलम रीतसर टाइप केलेलं होतं. भाडं थकलं तर काय, याबद्दल मात्र त्यात अवाक्षर नव्हतं.

पेटी आतून कायम कोमट असायची, कारण तिच्यातलं काळजाचं यंत्र एकाच तापमानात ठेवावं लागे. थंडीत काका तिच्यावर दही लावत. विरजण काकूंच्या हातचं. त्या गेल्या त्या दिवशी घरात जे दही होतं तेच यांनी रोज थोडं थोडं पुढे नेलं. मला अधूनमधून वाटीभर मिळे, आणि वाटी परत देताना ‘‘तुमीबी विरजण राखून ठेवत जा, एकाच घरी असू ने,’’ असं बजावलं जाई. मी दरवेळी हो म्हणायची आणि सगळं दही खाऊन टाकायची.

त्यांचा एक किस्सा तर आमच्या गल्लीत अजून सांगतात. शेजारच्या घरचं लग्न होतं. पत्रिकेत मुहूर्त बारा वाजून एकतीस मिनिटं. परभणीतलं कुठलं लग्न छापल्या वेळेला लागलंय? काका मात्र पेटीसमोरून निघाले, ऑटो केली, बरोबर बारा एकतीसला मंगल कार्यालयात पोचले आणि जेवणाच्या रांगेतल्या पाचपन्नास माणसांदेखत रिकाम्या स्टेजवर, दोन लाल खुर्च्यांवर अक्षता टाकून घरी आले. वरात तेव्हा अजून मारुतीच्या देवळापाशी नाचत होती. संध्याकाळी वधूपिता जरा रागानेच आले तर काका म्हणाले, ‘‘मी मुहूर्त साधला. नवरदेव न्हवता त्याला मी काय करू?’’

आता मुख्य गोष्ट. जगभरातल्या संगणकांची घड्याळं एकमेकांशी जुळवून ठेवणारं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. ते कुणा एका कंपनीचं नाही. देशोदेशीची हौशी माणसं ईमेलच्या पत्रांतून भांडत-भांडत ते सांभाळतात. वेळ देणाऱ्या अशा पेट्या नाना तऱ्हेच्या, आणि प्रत्येकीची बोली वेगळी. ती बोली सॉफ्टवेअरला समजावी म्हणून प्रत्येक तऱ्हेच्या पेटीसाठी एक स्वतंत्र फाइल लिहिलेली असते. काका तिला दुभाषा म्हणत. त्यांच्या जातीच्या पेटीचा दुभाषा मूळ लिहिणाऱ्याने केव्हाच सोडून दिला होता. पेटी करणारी कंपनीही बुडाली होती. निवृत्तीनंतर पुस्तकं आणून, चुकत-माकत काका ती भाषा शिकले आणि त्या अनाथ फाइलीचे पालक झाले.

इथे माझा संबंध आला. त्यांचं कामापुरतं इंग्रजी होतं, पण राग अनावर. कच्च्या मसुद्यातलं पहिलंच वाक्य ‘तुम्ही मंडळी आळशी आहात’ असं असायचं. मी त्याचं ‘आपल्या अडचणी मी समजू शकतो’ करायची.

‘‘अर्थ तोच राह्यला ना, मॅडम?’’

‘‘तोच,’’ मी बेधडक खोटं सांगायची.

भांडण नेहमीचंच होतं. तिकडची तरुण मंडळी म्हणत, इतकी जुनी यंत्रं आता वापरतं कोण? प्रत्येक जुनी फाइल म्हणजे बिघाड शिरायला एक दार. न वापरली जाणारी दारं बंद करून टाकू. मला त्यांचं म्हणणं पटायचं आणि एकदा मी तसं काकांना बोलूनही दाखवलं.

‘‘त्यांचं बरोबरच हाय,’’ काका म्हणाले. ‘‘म्हणून तर चिडायलोय.’’

पण त्या जातीची आणखी एक पेटी चालू होती. दूरच्या कुठल्याशा बेटावर एक बाई भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवत असे, आणि तिच्या नोंदींना वेळ लावायला हीच पेटी होती. नवी घ्यायची तिची ऐपत नव्हती. काकांनी तिला शब्द दिला होता की मी आहे तोवर दुभाषा जाणार नाही. दोघांनी एकमेकांना पाहिलेलंही नव्हतं. काका तिला ‘बेटवाली बहीण’ म्हणत आणि दिवाळीला न चुकता पत्र पाठवत. तेही अर्थात मीच सरळ करून द्यायची.

मी राहायला आल्यावर दोनेक वर्षांनी, उन्हाळ्यातल्या एका रविवारी सकाळी सहाला काकांनी माझं दार वाजवलं.

‘‘मॅडम, पेटी मागं गेली.’’

‘‘कुठे गेली?’’

‘‘वीस वर्षं. जरा कमी.’’

मी तशीच वर गेले. दिवा नेहमीसारखा लुकलुकत होता. वेळ बरोबर होती, पण तारीख आणि साल भलतंच. काकांनी मला समजावलं ते असं. या पेटीला आठवडे मोजता येतात ते फक्त हजार चोवीस, म्हणजे एकोणीस वर्षं आणि साडेसात महिने. तेवढे भरले की ती पुन्हा आपल्या पहिल्या आठवड्यात जाऊन बसते आणि तिथून मोजायला लागते. ते आज पहाटे साडेपाचला भरले.

‘‘म्हणजे बिघडलीच की,’’ मी म्हणाले.

‘‘बिघडली कामून? वार तोच हाय, सेकंदाचाबी फरक न्हाई. साल काय, कुनालाबी विचारून घेता येतंय.’’

त्याच दिवशी तिकडून पत्र आलं. नव्या आवृत्तीत बदल घेणं पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी दुपारी बंद होणार होतं. त्याआधी दुभाषा दुरुस्त करा, आणि दोन निरनिराळ्या पेट्यांवर चोवीस तास, खंड न पडता तो बरोबर साल सांगतो याचा अहवाल द्या. नाहीतर ही फाइल काढून टाकतो. जगात चालू पेट्या दोनच, एक बेटावरची आणि एक आमच्या डोक्यावरची. मी लगेच वही-पेन घेऊन बसले.

‘‘बघू की,’’ काका म्हणाले.

सेकंदासाठी जिना मोजणारा माणूस ‘बघू की’ म्हणतो हे मला नवीन होतं. सोमवार गेला. बुधवारी मी आठवण केली तर म्हणाले, ‘‘व्हईल, मॅडम.’’ गुरुवारी ते दिवसभर खालीच उतरले नाहीत. शुक्रवारी बेटावरच्या बाईचा अहवाल तिकडे पोचल्याचं पत्र आलं, आता फक्त तुमची वाट पाहतोय अशी पुस्ती जोडून. मला राग यायला लागला. दोन वर्षं मी या माणसाची भांडणं गोड करून लिहीत होते आणि ऐन वेळी हा हातावर हात ठेवून बसला होता.

शनिवारी दुपारी मी वर गेले ते भांडायच्याच तयारीने. काका पेटीसमोर खुर्ची टाकून बसले होते.

‘‘काका, तिकडे त्या बाईंनी दुरुस्ती करून अहवालसुद्धा दिला. तुम्हाला जमत नसेल तर तिला विचारू का?’’

‘‘तिची दुरुस्ती मीच पाठवली, मॅडम. रविवारीच. सातला.’’

मला काही सुधरेना. रविवारी सकाळी दीड तासात त्यांनी दुरुस्ती लिहिली होती, बेटावर पाठवली होती आणि स्वतःच्या संगणकावर मात्र चढवली नव्हती.

‘‘मग इथे का नाही?’’

काकांनी पेटीच्या हिरव्या आकड्यांकडे बोट केलं.

‘‘वार त्योच हाय बघा. आज तिथंबी शनिवार. पेटीचा पैला रविवार हाय ना, त्या रविवारी आमची ही चारठाण्याहून आली होती, माहेराहून. येताना वांगी आणली होती पिशवीभर. सोमवारी भरली वांगी केली. बुधवारी समोरच्या बाईसंगं भांडली, पाण्यावरून. शुक्रवारी मला म्हन्ली, सदऱ्याच्या खिशात टेस्टर ठेवू नका, खिसा फाटायलाय. आज शनिवार, आज तिनं केस धुतले होते.’’

मी तिथेच जमिनीवर बसले.

‘‘ही पेटी घरात आली तवा तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. पेटीची आन् तिची भेटच न्हाई कधी. आत्ता पैल्यांदा पेटीत ती हाय. घरात हाय, बरी हाय. दुरुस्ती चढवली की पेटी सांगती ते खोटं, असं मीच संगणकाला लिहून दिल्यासारखं व्हईल.’’

‘‘किती दिवस?’’ मी विचारलं.

‘‘सोमवारी सकाळी दहाला ताप चढला म्हनून दवाखान्यात नेलं. मंगळवारी संपलं.’’ ते थांबले. ‘‘गुरुवारचं काई आठवंना मला. परवा दिवसभर बसलो हितं. लय डोकं खाजवलं. काईच न्हाई. साधाच दिवस असंल.’’

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘सोमवारी दहाच्या आत दुरुस्ती चढवतो. एक दिवस चालली की मंगळवारी दहाला अहवाल जाईल. मुदत दुपारपर्यंत हाय.’’

‘‘आणि मधेच लाइट गेली तर? खंड पडला तर?’’

‘‘तर दुभाषा जाईल.’’

‘‘चालेल तुम्हाला?’’

‘‘चालनार न्हाई,’’ काका म्हणाले. ‘‘बहिणीला शब्द दिलाय. पन मॅडम, हे आठ दिवस मला परत कोन देनार?’’

मी खाली आले आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडले. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि काकूंना मी कधी पाहिलंही नव्हतं तरी त्या दवाखान्यात जाऊ नयेत असं वाटत होतं.

सोमवारी मी रजा टाकली. पावणेदहाला काकांनी मला वर बोलावलं आणि संगणकावरची ती फाइल उघडून दाखवली. इतक्या दिवसांचा एवढा घोळ, आणि दुरुस्ती म्हणजे एका ओळीतला एक आकडा. हजार चोवीस आठवडे किती वेळा मिळवायचे, तो.

‘‘हितं शून्य होतं. आता एक,’’ काका म्हणाले. ‘‘पुढच्या बारीला दोन. हाय का काई अवघड?’’

‘‘मला कशाला सांगता?’’

‘‘हितं दुसरं कोन हाय?’’

दुरुस्ती चढवली आणि संगणकाला बरोबर साल कळलं. पेटीच्या तोंडावरचे आकडे मात्र मागचेच राहिले, कारण पेटीच्या पोटातलं काही बदलता येत नव्हतं. पुढच्या दिवशी तिथे मंगळवारची ती तारीख उमटणारच होती. काकांनी खिशातून विजेच्या तारांना लावायची काळी चिकटपट्टी काढली, तिचा तुकडा फाडला आणि तारीख नि साल झाकेल असा सारखा करून चिकटवला. वेळ तेवढी उघडी ठेवली. दहाला पाच मिनिटं होती.

लाइट गेली ती दुपारी दीडला. उन्हाळ्यात आमच्याकडे ती जातेच, आणि गेली की कधी येईल ते तिलाच ठाऊक. काकांचा इन्व्हर्टर एरवीही फक्त पेटीसाठी राखून असे. त्यांनी पंखा त्यावर कधी लावला नव्हता. पण बॅटरी जुनी होती, चारच्या सुमारास ती कुरकुरायला लागली. काकांच्या कपाळावर घाम आला होता तो काही नुसता उकाड्याचा नव्हता. मी माझ्या खोलीतल्या इन्व्हर्टरची बॅटरी काढली, शेजारच्या ऑटोवाल्या दादांना हाक मारली, आणि आम्ही दोघांनी ती जिन्यावरून वर चढवली. पुढचं काम काकांनी केलं. तारा बदलताना पेटीचा दिवा एकदाही चुकला नाही. लाइट सहाला आली. दादांना काकांनी वाटीभर दही दिलं आणि विरजण राखून ठेवायला सांगितलं.

मंगळवारी दहानंतर आम्ही अहवाल पाठवला. मसुद्यात या खेपेला आळशी हा शब्द नव्हता, त्यामुळे मला फारसं काही करावंच लागलं नाही. संध्याकाळी दोन ओळींचं उत्तर आलं, दुभाषा राहील. काकांनी ते दोनदा वाचलं आणि गच्चीवर जाऊन अँटेना फडक्याने पुसला.

‘‘आता एकोणीस वर्षं साडेसात महिने बघायला नको,’’ मी म्हणाले.

‘‘तवा मी कुठं असनार?’’ काका सहज म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून नव्याने भांडायला लागले.

मागच्या थंडीत काका गेले. झोपेत, फार त्रास न होता. त्याआधीच मी परभणीतच माझं छोटंसं घर केलं होतं, तरी महिन्याकाठी त्यांच्याकडे जाणं होतंच. नांदेडहून मुलगी आली, खोली रिकामी करायला घेतली आणि पेटी तिने माझ्यापुढे ठेवली. ‘‘बाबांनी सांगून ठेवलंय, ही मॅडमला द्यायची. आन् ही बरनीपन,’’ म्हणाली. बरणीत विरजण होतं.

मी अँटेना गच्चीवर बसवला. कपडे आता आठ फूट लांब वाळतात. माझ्या नवऱ्याला हे पटलेलं नाही, पण तो दही आवडीने खातो.

परवा तिकडून पत्र आलं, माझ्या नावाने. नवी आवृत्ती निघतेय, जुन्या फाइली पुन्हा तपासतोय. या फाइलीत मूळ पालकांच्या जागी तुमचं नाव आणि पत्ता आहे, पेटी चालू आहे का, एवढंच कळवा. सोबत फाइलीतला तो भाग होता. काकांनी त्या मंगळवारीच तो लिहिला असावा. मला न दाखवता लिहिलेला, हे लगेच कळलं, कारण इंग्रजी जसंच्या तसं त्यांचं होतं, चुकांसकट. मराठीत सांगायचं तर असं: ‘ही दुरुस्ती एकोणीस वर्षं साडेसात महिने पुरेल. मग रविवारी पेटी पुन्हा पहिल्या आठवड्यात जाईल. मी नसेन. या बाईंना विचारा. त्या संगणकाच्या नाहीत. पण त्या घाई करणार नाहीत.’

मी कळवलं, पेटी चालू आहे. इंग्रजी सरळ करण्याचं धाडस मात्र झालं नाही, तो भाग तसाच राहू द्या म्हणून लिहिलं.

तो रविवार येईल तेव्हा मी निवृत्तीला टेकलेली असेन. काय करायचं ते ठरलेलं आहे. एकाचे दोन करून दुरुस्ती त्याच सकाळी बेटावर पाठवायची. तिथे तेव्हा जे कुणी असेल त्यांना. मग पेटीवरची काळी पट्टी काढायची आणि समोर खुर्ची टाकून बसायचं. पिशवीभर वांगी घेऊन काकू चारठाण्याहून येतील, आणि या खेपेला घरात काकाही असतील, टेस्टरने खिसा फाडत. माझ्या संगणकावर दुरुस्ती चढेल ती सोमवारी, दहाला पाच मिनिटं असताना.